शेजारच्या खोलीतली ऊब

वाकून आईच्या गालाला गाल लावला तेव्हा तिचं नाक माझ्या मानेला लागलं आणि ते गार होतं. झालं एवढंच. दुसरा एखादा ते विसरून चहा प्यायला लागला असता. पण लहानपणी आमच्या घरात तापमापक नव्हता. एक होता तो फुटला, पारा फळ्यांच्या फटीत गेला आणि त्यानंतर दुसरा काही आला नाही. शाळा बुडवायची म्हणून मी सकाळी कण्हायला लागलो की आई, गिरणीत जायच्या घाईत, अंगाला कालच्या ओल्या लोकरीचा वास, तशीच वाकायची आणि माझ्या मानेला नाक लावायची. ‘ताप नाही. ऊठ.’ संपलं. त्या निकालावर अपील नसायचं, कारण ते नाक कधी चुकलं नाही. ते दुसऱ्याची ऊब मोजायचं. त्याला स्वतःला थंडी वाजू शकते हे साठीला टेकलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं. मी सरळ उभा राहिलो. आई खुर्चीत बसली होती, अंगात बाहेर जायचा कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि मांडीवर दोन ब्लँकेटं. ‘आई, खोलीत कोट कशाला?’ मी विचारलं. ‘गारठलेय म्हणून,’ ती म्हणाली. ‘तुला काय वाटलं, नाचायला चाललेय?’

मला काही गार लागत नव्हतं. पण जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आमच्या लॉन्सेस्टनमध्ये सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून, नदीवरच्या धुक्यातून चढ चढून फर्नहिलमध्ये, आईच्या वृद्धाश्रमात, आलेल्या माणसाला कुठलीही खोली उबदारच वाटते. वर माझ्याही अंगात कोट होता आणि मी बसायला आलो नव्हतो. दारातून लिटिया आत डोकावली. ती फिजीची, इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं उठणं-बसणं, गोळ्या, आंघोळी बघते, आणि सगळ्या म्हाताऱ्या बायकांना बुबू म्हणते, म्हणजे त्यांच्याकडची आजी. तिच्या हातात ती पाटीएवढी स्क्रीन होती. ‘हे बघा लॉइड, बुबूची खोली अकरा नंबर, साडेचोवीस डिग्री. काल परत एक डिग्री वाढवली. अजून वाढवली तर भाकरी भाजेल इथं.’ आई म्हणाली, ‘मग भाज आणि दे मला, हात तरी शेकीन.’ लिटिया हसली. मीही हसलो, हे मला नीट आठवतं. बाहेर आल्यावर लिटिया आवाज खाली करून म्हणाली, ‘वयाचं असतं हो. आता दहा नंबरची डल्सी बघा. तिला इतकं उकडतं की नुसत्या परकरावर बसलेली असते, खिडकी सताड उघडी टाकलेली. एकाच भिंतीच्या अलीकडे एकीला उकडतं, पलीकडे दुसरीला गारठतं. मला विचाराल तर मला तर तुमचं सगळं बेटच गार लागतं.’

त्या दिवशी मी मुलगा म्हणून आलो नव्हतो, कामावर आलो होतो. माझं काम लोकांना सांगताना पंचाईत होते. इमारतीतले हीटर, पंखे, दारांची कुलपं यांचे जुने डबे असतात. प्रत्येकाची आपली भाषा, आपली अढी. आणि एक नवा कॉम्प्युटर असतो, त्याला यातलं काही कळत नाही. मध्ये एक प्रोग्राम बसवायचा, त्याला आमच्यात ड्रायव्हर म्हणतात. नाव ड्रायव्हर, पण काम दुभाष्याचं. जुन्या डब्यात ओळीनं कप्पे असतात. या कप्प्यात अमक्या खोलीची ऊब, पुढच्यात तमक्या खोलीची, एका कप्प्यात खोली भरलेली आहे की रिकामी. कुठला कप्पा कुणाचा, हे दुभाष्याला बसून एकेक सांगावं लागतं. चुकीचा कप्पा सांगितला तरी तो बिचारा कुरकुरत नाही, तितक्याच सभ्यपणे चुकीचं सांगत राहतो. फर्नहिलच्या जुन्या भागाचा दुभाषी उन्हाळ्यात मेनलँडच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या, एका कंपनीनं बसवला होता, तोही तिथंच बसून, तारेवरून. इथं एकही माणूस आला नाही. मला बोलावलं होतं नव्या भागासाठी. त्या भागाचं नाव मॅग्नोलिया. दाराला आकड्यांचं कुलूप, आतल्या माणसाला आकडा सांगायचा नाही, बागेला उंच कुंपण, आणि नाव फुलाचं. ज्यांना आपण कुठं आहोत याचं भान राहत नाही त्यांच्यासाठी. आणि तिथल्या हीटरांचा आणि कुलपांचा दुभाषी मी तयार करत असताना फिलिपा ग्रँथम, म्हणजे तिथली मुख्य बाई, माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेली होती. आईला मॅग्नोलियात हलवायचं, खाली मुलाची सही. ‘गुरुवारपर्यंत दिलीत तरी चालेल, लॉइड,’ ती म्हणाली होती. ‘घाई नाही. पण कुणाचं तरी भलं लवकर व्हावं ना.’

फिलिपा वाईट बाई नव्हे. तिनं मला बसवून, स्वतः चहा करून, शांतपणे सांगितलं होतं. एक, खोली गरम असताना बेरिलना, म्हणजे आईला, थंडी वाजते, रोज, सकाळ-संध्याकाळ. दोन, त्या बारा नंबरमध्ये जाऊन बसतात. बारा नंबर टॅडेकची खोली. टॅडेक पोलंडहून तरुणपणी आला, डोंगरांच्या पोटात वीजघरांचे बोगदे खणले आणि म्हातारपणी आईचा शेजारी झाला. तो हिवाळ्याच्या तोंडावर गेला. खोली तेव्हापासून रिकामी होती; पलंग, दोन खुर्च्या आणि एक टेबल तेवढं राहिलं होतं. आई तिथं जाऊन बसायची, तासन्‌तास, आणि लिटियानं दोनदा परत आणली की तिसऱ्यांदा जायची. ‘आणि तिथं,’ फिलिपा म्हणाली आणि थोडं थांबली, ‘त्या पत्ते वाटतात, लॉइड. दोघांत.’ मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. हीटरचं मला कळतं. मेलेल्या माणसाला पत्ते वाटणाऱ्या बाईचं काय करायचं ते मला कोण शिकवणार?

तर मी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून मॅग्नोलियाचे कप्पे भरत होतो. या कामाला एक लय असते. एक ओळ, एक नाव, एक नंबर, पुढची ओळ. हात चालतात आणि डोकं कुठंही भटकायला मोकळं. माझं डोकं त्या नाकापाशी परत परत जात होतं. आमचं घर नदीकाठचं, फळ्यांचं, आणि शेकोटी फक्त स्वयंपाकघरात. हिवाळ्यात झोपायच्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची. आई माझे शाळेचे मोजे रात्री स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायची, सकाळी ते गरम असायचे. मला किती तरी वर्षं वाटायचं की मोजे तसेच असतात. ती थंडीबद्दल कधी बोलली नाही. गिरणीत ब्लँकेटांच्या खात्यात होती, दिवसभर दुसऱ्यांच्या उबेवरून अंगठा फिरवायची, लोकर सारखी उठली आहे का बघायला. बाप थंडीची कुरकुर करायचा तर त्याला म्हणायची, ‘बोलल्यानं ऊब येते काय?’ आणि आता हीच बाई रोज, सकाळ-संध्याकाळ, येईल त्याला सांगते की गारठलेय. तेव्हा मला यातून जे कळायला हवं होतं ते मी उलटंच घेतलं. मला वाटलं, बघा, स्वभावच बदलला. याला म्हणतात म्हातारपण. माझी बायको, होती तेव्हा, म्हणायची की तुला एक आकडा दिला की तू माणसाकडे बघायचं सोडून देतोस. ती आता होबार्टला असते. तिला हे सांगितलं तर ती हसणार नाही, नुसती मान हलवेल, आणि तेच मला जास्त लागेल.

मग मनात आलं, आईला पटवू या. म्हणजे तिचं खरं की खोटं हे बघायचं माझ्या मनातही नव्हतं. तिला तिच्या हातानं दाखवून द्यायचं की खोली गरम आहे, म्हणजे निदान कोट तरी काढेल, गुरुवारी फिलिपाला कोटात बसलेली दिसणार नाही. आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. काम संपलं की एक माणूस स्क्रीनपाशी बसतो, दुसरा खोलीखोलीत जाऊन भिंतीवरच्या तापमानाच्या डबीवर अंगठा दाबून धरतो. माणसाच्या अंगठ्याची ऊब डबीला लागते, स्क्रीनवर त्या खोलीचा आकडा चढतो, की ओरडायचं ‘आली’ आणि पुढची खोली. किती शिकलेला असो, अंगठ्याशिवाय काम पुरं झालं असं आमच्यात कुणी म्हणत नाही. मेनलँडवाल्यांचा अंगठा तेवढा समुद्र ओलांडून आला नव्हता, पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी जुन्या भागाची यादी उघडली. पहिली ओळ केस कापायच्या खोलीची, तिथं आकड्याऐवजी नुसती एक आडवी रेघ होती. ती डबी बिघडली असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिली होती, मीही सोडली. अकरा नंबर, साडेचोवीस. मी आईच्या खोलीत फोन लावला.

‘आई, मी लॉइड. ऑफिसातून बोलतोय.’

‘मग इकडे ये की. भिंतीपलीकडून फोन कसले करतोस?’

‘एक काम कर माझं. दाराशेजारी भिंतीवर एक पांढरी डबी आहे, काड्यापेटीएवढी. तिच्यावर अंगठा दाबून धर.’

‘कशाला?’

‘तुझी खोली किती गरम आहे ते बघायचंय.’

‘ते मी सांगते की. गार आहे.’

‘आई.’

‘बरं बाबा.’ खुर्ची करकरली, मग काठीचा आवाज, मग बराच वेळ तिचा श्वास. ‘धरला.’

मी अकरा नंबरकडे बघत होतो. साडेचोवीस. साडेचोवीस. ‘दिव्याचं बटण नव्हे हं, आई.’ ‘दिव्याचं बटण मला कळतं.’ ‘पांढरी डबी.’ ‘पांढरी डबी, काड्यापेटीएवढी, तिच्यावर अंगठा आहे, अंगठा माझाच आहे. अजून काय सांगू?’ ‘नीट दाब.’ ‘दाबलाय रे.’ साडेचोवीस. आकडा ढिम्म हलेना. मला काय वाटलं ते सांगतो, कारण ते वाटणंच या सगळ्याचं मूळ आहे. मला वाटलं, ती खुर्चीतच बसली आहे. किंवा उठली, आणि कशाला उठलो ते विसरून खिडकीशी उभी आहे आणि मला बरं वाटावं म्हणून हो हो म्हणते आहे. मला तिचा राग आला, आणि त्या रागाखाली इतकी माया होती की राग कुठं संपतो ते कळेना. फिलिपाचा कागद कोपराशी पडला होता. त्या क्षणी मी मनातल्या मनात सही करून टाकली. फोन ठेवायला म्हणून हात पुढं केला आणि डोळे सहज एक ओळ खाली घसरले. बारा नंबर, रिकामी खोली. मघाशी पावणेपंधरा होती. आता सव्वापंधरा. बघता बघता साडेपंधरा. मग सोळा.

मेलेल्या टॅडेकच्या खोलीत कुणीतरी अंगठा धरला होता.

‘आई,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच बारीक लागला, ‘अंगठा काढ.’ ‘काढला.’ सोळा थबकले, मग हळूहळू उतरायला लागले. ‘परत ठेव.’ चढायला लागले. ‘परत काढ.’ ‘खेळ चाललाय काय रे तुझा?’ आई म्हणाली. ‘अंगठा माझा, गार पडलाय तोही.’ मी तिला म्हटलं, तू बस, ब्लँकेट घे, मी आलोच. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मग सगळं उलगडत गेलं, सुताला धरून स्वेटर उसवावा तसं. जुने डबे कप्पे मोजायला शून्यापासून लागतात, नवा कॉम्प्युटर एकापासून. म्हणून दुभाष्याला सांगावं लागतं की एक वजा कर. हा दुभाषी ते वजा स्वतःच करायचा. मेनलँडच्या कुणी हुशार माणसानं स्वतःही एक वजा करून दिला होता. एकाचं वजा दोनदा झालं, आणि सगळं फर्नहिल एकेक घर मागं सरकलं. केस कापायच्या खोलीच्या मागं काही नव्हतंच, म्हणून तिथं आडवी रेघ. स्क्रीनवरचा अकरा म्हणजे खरी दहा नंबर. आईला थंडी वाजते म्हणून लिटिया अकराची ऊब वाढवायची, ती जायची डल्सीला, आणि डल्सी परकरावर. आणि टॅडेक गेला तेव्हा कुणीतरी, नियमानं, फुकट ऊब जाऊ नये म्हणून, बारा नंबरला ‘रिकामी’ अशी खूण केली. ती खूण जाऊन बसली अकरा नंबरच्या कप्प्यात. डब्याच्या लेखी आईच्या खोलीत कुणी राहतच नव्हतं. टॅडेक मेल्याची शिक्षा तिला झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही कुणी नव्हता. तिनं सगळा हिवाळा मेलेल्या माणसाच्या गारठ्यात काढला आणि खुद्द मेलेल्याच्या खोलीत कुणासाठी नसलेली ऊब भरून राहिली होती. स्क्रीनवर रिकाम्या बाराला पंधरा डिग्री दिसायची, दिसायलाच हवी, कुणाला शंका यावी कशी?

आणि मग त्याच्याही मागचं कळलं, आणि मी खुर्चीतून उठलोच. ती बारामध्ये जाऊन बसत होती कारण तिथं ऊब होती. भिंतीला हात लावून, पायांनी, शेजारी ऊब आहे हे तिनं हुडकलं होतं, आणि आम्ही शहाणी माणसं स्क्रीन बघून तिला परत गारठ्यात नेऊन बसवत होतो. ती हे सांगत होती. रोज सांगत होती. जन्मात थंडीबद्दल न बोललेली बाई बोलत होती. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात आनंद जास्त होता. माझी आई शाबूत होती! मी दुभाष्यातला तो जास्तीचा एक काढून टाकला, सगळ्या ओळी एकेक घर पुढं आल्या, आणि अकरा नंबरपुढं खरा आकडा उभा राहिला, पावणेपंधरा. मी अकराची ‘रिकामी’ खूण पुसली आणि बाराला लावली. आईच्या खोलीत गेलो, कोट न काढता तिच्याशेजारी बसलो, खिडकीखालच्या हीटरवर हात ठेवून तो तापायची वाट बघत. ‘काय झालंय?’ आईनं विचारलं. ‘तुझं खरं होतं,’ मी म्हटलं. ‘खोली गार होती.’ तिनं माझ्याकडे असं बघितलं की, याला आता ताप आला की काय. ‘हे सांगायला फोन केलास होय?’ ती म्हणाली.

फिलिपाला मी लिटियाच्या अंगठ्यानं सगळं परत करून दाखवलं, खोलीखोलीतून. ती मध्येच खाली बसली. ‘म्हणजे आम्ही सगळा हिवाळा बेरिलना...’ एवढंच म्हणाली. लिटियाचे डोळे भरून आले; ती आईच्या खोलीत जाऊन तिचे पाय चोळत बसली, आणि आई तिला म्हणत होती, ‘अगं, आता तापलेत, सोड, सालटं निघतील.’ डल्सी संध्याकाळी पूर्ण कपड्यांत जेवायला आली. फिलिपानं तो कागद माझ्या टेबलावरून उचलला. ‘म्हणजे त्या ऊब शोधत तिकडं जात होत्या,’ ती म्हणाली. ‘हो,’ मी म्हटलं. ‘ऊब शोधत.’ तिनं कागद फायलीत मागं सरकवला, फाडला मात्र नाही. पत्त्यांचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही. सगळं इतकं नीट बसलं होतं की एक लहानसा तुकडा हातात उरला आहे याकडे मला बघायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मॅग्नोलियाचं काम संपवायला गेलो. येताना बेकरीतून ‘पाय’, म्हणजे करीतले शिंपले भरलेला इथला पॅटिस, घेतला, आईला आवडतो, आणि तिच्या खोलीत आधी गेलो. खोली छान तापली होती. कोट खुंटीला नव्हता. आईही नव्हती. मी खाऊचा पुडा टेबलावर ठेवला, आणि शेजारच्या दारापर्यंत जाईपर्यंत मला काय दिसणार हे मला कळलेलं होतं. बारामध्ये आई बसली होती. कोट, टोपी. खोली पंधरा डिग्री, मीच केलेली. तिच्यासमोर टॅडेकची खुर्ची, मधल्या टेबलावर दोघांत वाटलेले पत्ते. तिचे तिच्या हातात, त्याचे त्याच्या खुर्चीसमोर, पालथे, एकावर एक नीट ठेवलेले. मी दारात उभा. ‘आई, इथं गार आहे.’

‘मला ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘दार लाव, अजून वारा येतोय.’

मी दार लोटलं. ‘तुझी खोली तापलीय आता. ऊब हवी म्हणून इथं...’

‘ऊब ऊब तूच करत बसलास. त्या बाईंना जाऊन सांगितलंस. मला कुणी विचारलं?’

‘म्हणजे तुला थंडी वाजत नव्हती?’

‘वाजत होती की. हाडं वाजत होती. ते खोटं होतं असं कुठं म्हणतेय?’ तिनं हातातलं एक पान उपसून दुसरीकडे लावलं. ‘माणसाला दोन गोष्टी असू शकत नाहीत का रे?’

मला विचारायचं होतं, तो गेलाय हे तुला ठाऊक आहे ना? साधा प्रश्न. डबीवर अंगठा ठेवण्यासारखा, आकडा हलेल नाहीतर नाही हलणार. ‘त्याची पानं तू खेळतेस?’ मी त्याऐवजी विचारलं. ‘मी कशाला खेळू?’ आई म्हणाली, जराशी दुखावूनच. ‘मी त्याची पानं बघतसुद्धा नाही.’ तेवढ्यात बाहेर बोलणं ऐकू आलं, फिलिपाचा आवाज आणि तिचे बूट, या बाजूला येत असलेले. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद आला, न फाडलेला. आईनंही ऐकलं होतं. तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर अशी काही भीती आली जी मी लहानपणी फक्त घरभाडं मागायला येणाऱ्याच्या दिवशी बघितली होती. मी फोन काढून कानाला लावला, दोन पावलांत टॅडेकच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि त्याची पानं उचलून हातात पंख्यासारखी धरली.

दार उघडलं. ‘अरे, लॉइड,’ फिलिपा म्हणाली. तिची नजर कोटावरून टेबलावर आली. ‘बेरिल परत इथं?’

‘मीच आणलंय,’ मी म्हटलं. ‘या खोलीची डबी परत बघायचीय. पलीकडं माणूस आहे फोनवर, त्याची वाट बघत बसलोय. तोवर एक डाव टाकला.’

पलीकडं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता हिला दिसणारच. फिलिपा दारातच उभी राहिली. आणि आई उठली. काठी टेबलाला टेकवून ठेवली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली, फिलिपाला म्हणाली, ‘जरा सरा हं, बाई,’ आणि पांढऱ्या डबीवर अंगठा दाबून धरला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘हलला का रे?’

‘हलतोय, आई,’ मी फोन कानाला धरून म्हटलं. ‘धरून ठेव.’

फिलिपा एकदा हसली, थकलेलं, बरं हसणं. ‘फार वेळ लावू नका,’ ती म्हणाली. ‘दुपारी एक कुटुंब ही खोली बघायला येतंय. पसंत पडली तर सोमवारी राहायलाच येतील.’ ती गेली. बूट लांब लांब गेले. आई अंगठा तसाच धरून उभी होती. मी सांगेपर्यंत काढायचा नसतो हे तिला आता माहीत होतं. ‘काढ,’ मी म्हटलं. ती परत येऊन बसली. सोमवारी हे टेबल, या खुर्च्या कुणा दुसऱ्याच्या होतील हे तिनं ऐकलं होतं. तिनं कोटाच्या बाहीत हात ओढून घेतले.

‘ती पानं ठेव खाली,’ थोड्या वेळानं म्हणाली. ‘त्याची आहेत.’

मी पानं होती तशी पालथी ठेवली आणि त्याच्या खुर्चीतून उठून पलंगाच्या काठावर बसलो. खोली गार होती. मला आता तो गारठा लागत होता, पाठीला, गुडघ्यांना. ‘मला वाट,’ मी म्हटलं. आईनं गड्डीकडे बघितलं, तिघांत पुरतील का याचा हिशेब केला, आणि आधी वाटलेला डाव न मोडता तिसरा भाग माझ्यासमोर घातला, एकेक पान, अंगठ्यानं सरकवत. मी माझी पानं उचलली. टॅडेकची दोघांपैकी कुणीच बघितली नाहीत.